कप्तान अजून वरच आहे

सुगत काल गेला, आणि आमचा कप्तान अजून वर अंतराळातच अडकून पडलाय.

सकाळपासून काही सुचत नाही. दुकान उघडलं, बंद केलं, परत उघडलं. उगाच गोंदिया स्टेशनपर्यंत जाऊन आलो. कुठे जायचं होतं, माहीत नाही.

जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. सुगत माझा शाळेपासूनचा दोस्त, अर्जुनी मोरगावचा. 'कप्तान म्युझिकल ग्रुप'चा गायक, कवी, मालक, सगळं तोच.

मी ढोलक.

१९९९ च्या आसपास टीव्हीवर दर रविवारी एक जुनी विदेशी सिरीयल लागायची, हिंदीत डब केलेली. एक यान, एक कप्तान आणि हरवलेला घरचा रस्ता.

आम्ही येडे झालो.

प्रत्येक भागावर एक गाणं. पुढच्या रविवारच्या आत चाल बसलीच पाहिजे, हा सुगतचा नियम.

वाद्यं त्याच्या बाबांच्या भीमगीत पार्टीची. चालीही तिथल्याच, कारण आम्हाला दुसऱ्या येतच नव्हत्या. त्यामुळे आमचं सायन्स फिक्शन थेट कव्वालीत!

"इंधन सरलं, तारा दूर,
कप्तान म्हणे, जाऊ जरूर!"

आणि मागून आमच्या टाळ्या.

भर रंगात लाईट जायची. लोडशेडिंग. मग राहिलेला भाग सुगत आपल्या डोक्यातून रचायचा आणि तोच गाण्यात घालायचा. गावातल्या पोरांना तोच खरा वाटायचा. मलाही.

दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, एकदा नाटकाच्या आधी आम्हाला स्टेज मिळाला. गाणं संपल्यावर एक म्हातारी पुढे आली.

"कोन्या गावचा व्हय रे हा कप्तान? चांगल्या घरचा दिसते."

सुगत एकदम सीरियस. "आपल्याच इकडचा आहे आजी."

पुढे सिरीयल मधेच बंद झाली. ग्रुपही सुटला. मी गोंदियात मोबाईलचं दुकान टाकलं.

सुगत मात्र थांबला नाही. नवे भाग स्वतःच रचायचा, त्यावर गाणी करायचा आणि फोनवर मला ऐकवायचा. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी ऐकावं लागायचं.

बऱ्याच वर्षांनी मला ती सिरीयल नेटवर सापडली. मी त्याला फोन केला. "अबे, आपल्या गाण्यातल्या अर्ध्या गोष्टी याच्यात नाहीतच!"

"त्याहीच्या इकडे लाईट गेली असंल."

असा होता.

एकदा मी वैतागून म्हटलं, "आता तरी यान घरी उतरव ना बे. कायले फिरवून राहिला?"

"उतरवलं का खतम. मंग उद्या काय लिहू?"

मी पुन्हा कधी विचारलं नाही. त्याला लहानपणापासून सिकलसेल. दुखणं उठलं की हा दात आवळून नवा भाग रचायचा. संपणं या गोष्टीचाच त्याला राग होता. मला ते कळत होतं आणि भीतीही वाटत होती.

मागच्या आठवड्यात नागपूरला दवाखान्यात त्याने माझा हात धरला. "पुढचं तू लिही. पन उतरवू नोको."

मी शब्द दिला.

काल शेवटची बुद्धवंदना झाली, माणसं पांगली. काकू, म्हणजे सुगतची आई, माझ्याजवळ येऊन बसल्या. इतकी वर्षं ही सगळी गाणी त्यांनी चुलीजवळ बसून ऐकलेली.

"बाबू, तुले पुढचं लिहाले सांगतलं म्हने त्यानं?"

"हो काकू."

"मंग त्या कप्तानाले घरी आन रे आता. लय दिवसाचा बाहेर आहे. थकला असंल."



तेव्हापासून पाय एका जागी ठरत नाहीत. इकडे दोस्ताला दिलेला शब्द, तिकडे त्याची आई. लिहायला बसतो, उठतो. कप्तानाला आणखी एका ग्रहावर पाठवून पाहिलं. नाही जमलं. प्रत्येक ओळीत काकू दारात बसलेल्या दिसतात.

सुगत, वाटेल तेवढ्या शिव्या घाल. तुझ्यात दम होता तोवर तू यान उतरू दिलं नाहीस, तो तुझा हक्क होता. पण तुझ्या आईला मी नाही म्हणू शकत नाही, यार.

उतरवतोय.

तुमच्या घरामागच्या बांधीत, धान कापल्यावर जागा मोकळी असते तिथे. कप्तान पाय धुऊन घरात येईल, जेवेल आणि झोपेल. कोणी उठवणार नाही त्याला.

रविवारी अर्जुनीला येऊन काकूंसमोर म्हणणार आहे. आवाज फुटला तर फुटला.

जय भीम, दोस्ता. आराम कर.