रबरकाकांची सफाई

स्टुडिओत फोटो साफ करणाऱ्या काकांना गिऱ्हाइकं पाठीमागे रबरकाका म्हणत. त्यांच्याइतका फुकटचा ताठा शोधूनही सापडायचा नाही. उभी हयात गेली लोकांच्या चेहऱ्यावरचे तीळ, वांग आणि सुरकुत्या पुसण्यात. फोटो उघडायचा, ब्रश फिरवायचा, सेव्ह करायचं. मूळचा चेहरा खलास. "कचरा साठवायचा कशाला?" असं ते कुणी न विचारताही ऐकवत.

पुढे लेकीने स्टुडिओ हातात घेतला. जुना प्रोग्रॅम नव्या मशीनवर चालेना, म्हणून तिने दुसरा आणला आणि काकांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"फोटो उघडण्याआधी आयात करा म्हणे! फोटो काय बोटीतून येतोय?"

ज्या बटणावर इतकी वर्षं ब्रश यायचा, ते दाबलं की आता फोटो कापायची चौकट पुढे यायची. फोटोवर एकावर एक चढवायचे थर, म्हणजे लेयर, गायब. आणि सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे सेव्हच नाही. काका सवयीने सेव्हची बटणं दाबत, काहीच होत नसे, की नव्या प्रोग्रॅमच्या नावाने बोटं मोडायला सुरुवात.

"बाबा, हा मूळ फोटोला हात लावत नाही," लेक परत परत सांगे. "तुम्ही केलेले बदल वेगळे ठेवतो. हवं तेव्हा मागे जाता येतं."

"ज्याला स्वतःच्या हाताचा भरवसा नाही, त्याने जावं मागे!"

काउंटरवर बसलेल्या काकू हे ऐकून नाक मुरडत. काकूंच्या हनुवटीपासून गळ्यापर्यंत भाजल्याचा डाग होता. लेक रांगत असताना तिने उकळत्या पाण्याचं भांडं ओढलं, आणि काकू मधे पडल्या. लेकीच्या अंगावर थेंब उडाला नाही.

ही गोष्ट लेकीने आपल्या मुलीला सांगितली, पण आजीचा डाग इतका जुना आहे हे पोरीला काही पटेना. म्हणून एका दुपारी लेक म्हणाली, "बाबा, आईने मला कडेवर घेतलंय आणि डाग दिसतोय, असा एक जुना फोटो शोधून द्या. पोरीला दाखवायचाय."

"एक? ढीगभर देतो की!" काकांनी ऐटीत जुनी डिस्क जोडली.

ढीगभर होतेच. काकू बागेत, काकू दारात, काकू लेकीला कडेवर घेऊन. आणि प्रत्येक फोटोत हनुवटी काचेसारखी गुळगुळीत.

"सगळीकडे पुसलात?" लेकीचा आवाज चढला. "मूळ फोटो कुठेत?"

काका डिस्कची वायर काढून पुन्हा जोडू लागले.

"ते काय सांगणार?" काकू उठून आल्या. "लाज वाटायची यांना माझी."

"तसं नाही गं, लोक बघतील म्हणून..."

"बघू देत ना! कुणी विचारलं असतं तर छाती पुढे काढून सांगितलं असतं मी. तुम्ही विचारलंत कधी, अगं, पुसू का म्हणून?"

लेकीने डिस्क बाजूला सारली आणि नवा प्रोग्रॅम उघडला. गेल्या महिन्यात नातीला मांडीवर घेतलेल्या काकूंचा फोटो त्यात होता. जित्याची खोड, तोही काकांनी पुसला होता, आणि सेव्ह होत नाही म्हणून शिव्या घातल्या होत्या. लेकीने एक बटण दाबलं. डाग जिथल्या तिथे उमटला.

काकू वाकून बघत राहिल्या. डोळे भरून आले त्यांचे.

"ही मी," त्या म्हणाल्या. "यंत्राला कळलं, पण या माणसाला नाही कळलं. छाप गं. चांगला मोठा छाप. आणि यांना हात लावू देऊ नकोस."

मायलेकी छापायला आतल्या खोलीत गेल्या. काका एकटेच उरले. मग या शहाण्याने तो कडेवरचा जुना फोटो निमूटपणे नव्या प्रोग्रॅममध्ये आयात केला. लेकीने दाबलं होतं तेच बटण शोधून दाबलं.

हनुवटी गुळगुळीतच राहिली. त्यांनी पुन्हा दाबलं.