तिच्या बाजूचा चित्रपट

कापड दिसलं, की शिंपीआजोबा ते अंगठा आणि तर्जनीत धरून चोळायचे. मग तो शर्ट आपल्या अंगावर का असेना. कसब्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशीच त्यांचं शिंप्याचं दुकान होतं. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, ज्याला चुकवून पुढे जाता येत नाही.

मी शाळेत मराठी शिकवतो. त्यांची नात माझ्या वर्गात होती. मी फळ्यावर लिहून दिलेला अर्थ त्यांनी तिच्या वहीत वाचला : चित्रपट म्हणजे चित्रांची मालिका. दुसऱ्या दिवशी मला हाक आली.

"अहो मास्तर, पट म्हणजे काय?"

माझ्या शर्टाची बाही चिमटीत धरून तेच पुढे म्हणाले,

"पट म्हणजे कापड. सिनेमा नव्हता तेव्हापासूनचा शब्द आहे. कापडावर काढलेल्या चित्राला चित्रपट म्हणायचे. आधी पट, मग चित्र! शिकवण्याआधी कुणाला तरी विचारत जा."

घरी जाऊन मी शब्दकोश उघडला. त्यांचंच बरोबर होतं. मला रागच आला. पण त्यानंतर शाळेतून येताना दुकानात टेकायची सवय लागली ती लागलीच.

तरुणपणी ते जत्रांमधून फिरणाऱ्या तंबूतल्या सिनेमाचे पडदे शिवत. पडदा तंबूच्या मधोमध. अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. बायकांना सगळं उलटं दिसायचं. एकदा ऐन खेळात पडद्याचा खालचा कोपरा फाटला. हे गुडघ्यांवर बसून टाके घालू लागले, पण सुई पलीकडे गेली की परत कोण देणार? तर पलीकडून कुणीतरी ती नेमकी टोचून परत दिली. शेवटच्या टाक्यापर्यंत देत राहिली. तीच पुढे त्यांची बायको झाली.

"तिला सगळे नायक डावखुरे वाटायचे हो," ते सांगायचे. "लग्नानंतर थेटरात नेली, तर म्हणते, हा आज उजव्या हातानं कसा जेवतोय?"

ती गेली आणि ही गोष्ट सांगताना ते हसेनासे झाले. तो पडदा त्यांनी जपून ठेवला होता. "मास्तर, एकदा लावू या. मला तिच्या बाजूनं बघायचंय."

अवघड काहीच नव्हतं. शाळेचा प्रोजेक्टर माझ्याच कपाटात होता. मी म्हणालो, "परीक्षा संपू द्या." मग म्हणालो, "दिवाळीनंतर बघू." दिवाळीनंतर मुलानं त्यांना धायरीला आपल्या घरी नेलं आणि तिथेच ते गेले. त्या आळसाबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

नातीनं पडदा मला आणून दिला. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आमच्या गच्चीवर तो टांगला. सगळी बिल्डिंग समोर बसली. मी दोन खुर्च्या घेऊन पडद्यामागे गेलो. खालचा कोपरा चिमटीत धरून पाहिला. टाके वाकडेतिकडे होते, पण घट्ट होते.

सिनेमा सुरू झाला. नायक पानावर बसला आणि त्यानं डाव्या हातानं घास उचलला. मला हसू आलं, आणि त्यांना दाखवायला मी शेजारच्या खुर्चीकडे वळलो.