आतल्या दाराचं कुलूप

बाळांनो, आपलं नंदनवन वस्तीतलं घर नवं होतं, तेव्हा आजूबाजूची शेतं मोडून प्लॉट पडत होते. घरोघरी टीव्ही येऊ लागले आणि मागोमाग चोऱ्याही. चोरी झाली की दुसऱ्या दिवशी एक कुलूपवाला गल्लीत हजर होई. सायकलच्या दांड्याला कुलुपांच्या माळा, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. कुलूप कानाशी धरून तो चावी फिरवून दाखवी, पण नजर आपल्या दारावर असे.

“अवं, याले चोरीची खबर कशी लागते?” शेजारीण म्हणायची. तरी कुलूप तिनंही त्याच्याकडूनच घेतलं, मीही.

खाप्याला लग्नाला निघताना मी ते व्हरांड्याच्या दाराला लावलं. पण त्यानं एक जास्तीची चावी ठेवून घेतली असली तर? मन मानेना. म्हणून आतल्या दाराला इतवारीच्या बाजारातून आणलेलं दुसरं कुलूप घातलं. व्हरांडा बंदिस्त होता. ते दार रस्त्यावरून दिसत नसे.

परतलो तेव्हा दोन्ही कुलपं शाबूत होती. घरातला चमचाही हलला नव्हता.

आठवड्यानं तो आला. “काहून बाई, माह्या कुलपावर भरोसा नाही? आतल्या दाराले दुसरं लावलं न?”

तो हसला. “बरं केलं,” म्हणाला आणि सायकल ढकलत पुढे गेला.

त्याचं कुलूप मी त्याच दिवशी काढलं. चोरी आपल्याकडे कधीच झाली नाही. पण आजी भर दुपारीही आतून कडी का लावते म्हणून तुम्ही हसता ना, ती त्या ‘बरं केलं’मुळे.