बंदुकीच्या पत्रीवरचं काळवीट

मेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार. त्या पाटलाले जाऊन जमाना झाला, पण माह्या तोंडी त्याच्यासाठी गोड शब्द अजून आला नाही.

माहे घरधनी अकोल्यात एका बंदूक दुरुस्तीच्या दुकानात कामाले होते. दुकान एका मुसलमान मिस्त्रीचं. मोठा कदरदान माणूस. पोलादावर नक्षी कोराची अन् चांदीची तार ठोकून बसवाची विद्या त्यानंच त्यायले शिकवली. पण असं काम येते कोठून? दिवसभर कुलपं, शिलाई मशिनी अन् स्टोव्ह. मग दर्यापूरकडच्या एका पाटलानं आपली बापाच्या वेळची दुनळी बंदूक आणली. दसऱ्याच्या पूजेत ती मांडल्या जाई, आजूबाजूची बडी मंडळी पाहाले येत. बंदुकीच्या घोड्याजवळच्या दोन्ही बाजूच्या पोलादी पत्र्या त्याले सजवून पाहिजे होत्या. मिस्त्री घरधन्याले म्हणाला, "हे काम लोकांच्या नजरेत भरलं तं तुले पुन्हा कुलपाले हात लावा लागणार नाही."

आमाले तेवढंच पाहिजे होतं. पत्र्या घरी आल्या. त्यायनं एकीवर काळवीट कोरलं, दुसरीवर गवतात बसलेली हरणी. शिंगाच्या पिळापिळात चांदी बसवली. मग रंग चढवाचा होता. मी भाता मारत होती. पोलाद निखाऱ्यावर आधी पिवळं पडते, मग तांबूस, मग जांभळं, अन् निळं झालं का त्याच घडीले उचलून जवसाच्या तेलात टाका लागते. जरा उशीर झाला का राखाडी. त्यायनं बरोबर उचललं. पत्री वांग्याच्या सालीसारखी चकाके अन् तिच्यावर चांदीचं काळवीट. मी म्हटलं, "हे तुमीच केलं काय?" ते म्हणाले, "नाई, तुह्या बापानं येऊन केलं."

दसऱ्याच्या आधी ते सोता जाऊन पत्र्या बसवून आले. पाटलाले सांगून आले, "मालक, पाणी लावू नका, तेलाचा हात तेवढा फिरवा." निघताना पाटलानं जात इचारली. त्यायनं सांगितलं, बौद्ध. आमाले दीक्षा घेऊन थोडीच वर्षं झाली होती, हा शब्द ते मान वर करून सांगत. पाटील बरं म्हणाला.

दिवाळी झाली अन् निरोप आला का रंग गेला, कारागिराले पाठवा. आमी दोघंही शेगडी, भाता अन् कोळसा घेऊन एसटीत बसलो. नवं करून देऊ, त्यात काय?

ओसरीवर पाव्हणे बसले होते, घरचे जावई होते. आमी अंगणात. गड्यानं बंदूक आमच्यापुढं पोत्यावर ठेवली. पत्र्यायवर तांबेऱ्याचे चट्टे, चांदी काळी ठिक्कर. मी वाकून पाह्यलं तं खाचेखाचेत वास. माह्यानं राहवलं नाही. "मालक, याले गोमूत्र लावलं काय?"

मले वाटलं नाही म्हणन, कोण्या बाईमाणसावर ढकलन. पाटील पान चावत म्हणाला, "लावलं. रातभर भिजत ठेवलं. तुमच्या हातातून आली, तशीच देवापुढं मांडू काय?"

जावई हसले. घरधनी मले हळूच म्हणाले, "तू चूप राय." मग पाटलाले म्हणाले, "हरकत नाई मालक. मी पुन्हा निळं करून देतो."

"पुन्हा? अन् पुन्हा धुवाची? घासून टाक. हरणं नाई पाहिजेत मले. कोरी पत्री पाहिजे."

"घरी नेऊन घासतो, मालक."

"इथंच. आमाले पाहू दे."

कानस त्यायच्याच पिशवीत होती. त्यायनं पत्र्या उतरवल्या अन् सुरवात केली. आधी गवत गेलं, मग हरणी, मग काळविटाचे पाय. त्यायनं तोंड जवळ ठेवून केलेलं काम, अन् आता तसंच तोंड जवळ ठेवून ते मोडत होते. घाईनं नाही, वाकडंतिकडं नाही. मले तं वाटलं कानस घेऊन ओसरीवरच चढावं. एक जावई म्हणाला, "डोळा राह्यला पाहा, तो बी घे." त्यायनं डोळा घेतला. पाटलानं पोत्यावरचा चांदीचा भुगा झाडून वाटीत द्याले लावला, चांदी त्याची होती म्हणून. घासून झाल्यावर पत्र्या गड्यानं फडक्यात उचलल्या अन् आत धुवाले नेल्या. आमच्या डोळ्यादेखत.

मिस्त्रीनं लय समजावलं, पण त्यायनं बंदुकीच्या कामाले पुन्हा हात लावला नाही. छिन्नी मात्र सोडता येईना, पोटाले लागते. मग अकोल्याच्या गल्लीगल्लीनं ते गुळगुळीत झालेल्या पाट्या-वरवंट्याले छिन्नीनं टाकी लावत फिरले, "टाकीऽऽ" म्हणून ओरडत. टाकी लावली का पाटा धुवाच लागते, नाई तं दगडाची खर दाताखाली येते. मीही धुते, कोणीही धुते. पण बाई पाणी आणाले आत वळली का हे उठत, अन् ती तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत गल्लीच्या पार होत.