भिंतीचा घाम

बागेतल्या जुन्या घराची माहिती हवी असेल तर सगळ्यांना विचारा, पण मिस्त्रींना विचारू नका, असं माळी हसत सांगायचे. कारण मिस्त्री एकदा सुरू झाले की बाग बंद व्हायची शिट्टी वाजेपर्यंत माणसाची सुटका नसे. मिस्त्री म्हणजे उद्यान खात्याचे गवंडी. एकतीस वर्षं नोकरी झाली, निवृत्त होऊन दोन वर्षं उलटली, तरी सकाळी आठाच्या ठोक्याला गडी फाटकात हजर. त्यांची बायको शेजारणीला सांगे, "घर म्हणजे ते बागेतलं. इथे आपले पाहुण्यासारखे जेवायला येतात. सवतसुद्धा परवडली असती, निदान तिच्याशी भांडता तरी आलं असतं."

ते घर एका लाकडाच्या व्यापाऱ्यानं बांधलं होतं. तेव्हा बाग नव्हती आणि शहर इथवर पोचलंही नव्हतं. व्यापाऱ्याच्या एकुलत्या एका मुलीला दमा होता, म्हणून त्यानं गावाबाहेर जागा घेतली आणि अख्खं घर हवेच्या हिशेबानं उभं केलं. जोत्याला चारी अंगांनी झरोके, प्रत्येक दारावर लाकडी जाळी, जमिनीपर्यंत उतरणाऱ्या खिडक्या, आणि दीड हात जाडीच्या विटांच्या भिंती, चुन्यात बांधलेल्या, चुन्यानंच लिंपलेल्या. चार वर्षं जगेल की नाही अशी ती मुलगी त्या घरात म्हातारी होऊन गेली. मग वारस भांडले, जागा नगरपालिकेकडे आली, भोवती बाग झाली. घरात आधी वाचनालय भरलं, मग बालवाडी. शेवटी फावडी आणि खताची पोती.

मिस्त्री नोकरीला लागले तेव्हा घराचा गिलावा पोपडे धरून गळत होता. हात लावला की भिंत पिठासारखी झडे. पाडून टाकू, असं साहेब म्हणत होते. मिस्त्रींनी साहेबांच्या हातापाया पडून तीन वर्षं मागून घेतली. जुना चुना खरवडून काढला आणि आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा चढवला, तोही असा गुळगुळीत की बोट घसरावं.

चुना त्यांना येत नव्हता असं नाही. त्यांचा बाप चुन्याचाच गवंडी. पण बापाची बोटं चुन्यानं खाल्लेली, जेवताना घास धरता येत नसे, हे पाहत ते वाढले होते. चुना म्हणजे दरिद्र्यांचं काम आणि सिमेंट म्हणजे शिकल्यासवरल्यांचं, अशी त्यांची पक्की समजूत. काम झालं तेव्हा ते बापाला कौतुकानं दाखवायला घेऊन आले. म्हाताऱ्यानं भिंतीवर तळवा टेकवला, बराच वेळ ठेवला, आणि विचारलं, "हिला घाम कुठून यायचा रे?" साठी बुद्धी नाठी, म्हणून मिस्त्रींनी ते हसण्यावारी नेलं.

यंदा पूर्वेचा कोपरा पोटासारखा फुगला. घर जपायचं की पाडायचं हे ठरवायला समिती नेमली गेली आणि समितीनं जुन्या इमारतींच्या जाणकार अशा एक इंजिनिअर बाई पाठवल्या. मिस्त्री त्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून आले. घर वाचणार याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

बाईंनी भिंत ठोकून पाहिली. आवाज पोकळ आला. "काका, इथे थोडं फोडाल का?" मिस्त्रींनी छिन्नी लावली. हातभर रुंद खपली सुटून खाली पडली आणि आत वीट दिसेना. ओली लाल माती तेवढी होती. बाईंनी बोटानं उकरली, तर बोट मुळापर्यंत आत गेलं.

"चुन्याची भिंत पाणी पिते आणि बाहेरही टाकते," बाई म्हणाल्या. "हिचं तोंड सिमेंटनं बांधलं, ओल आतच कोंडली आणि विटा कुजल्या. त्यात खालचे झरोकेही कुठल्या शहाण्यानं बुजवलेत, कोण जाणे."

"उंदीर यायचे," मिस्त्री म्हणाले.

बाईंनी वर पाहिलं. मिस्त्रींचे डोळे खाली पडलेल्या खपलीवर होते.

"तुम्ही केलंत हे सगळं?"

"मीच. कुणाला हात लावू दिला नाही."

बाईंनी चष्मा काढून उगाच पुसला. "त्या काळी सगळेच असं करायचे, काका. काळजीपोटीच करायचे."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बापाचा तळवा आणि तो प्रश्न आता त्यांना कळला, आणि कळून काडीचा उपयोग नव्हता. ते म्हणाले, "मी सगळं सिमेंट उतरवतो. एकटा उतरवतो. चुना मळता येतो मला. हात गेले तरी चालतील."

"उतरवलंत तर भिंत बसेल. आत काही उरलंच नाहीये. आता ती तुमच्या गिलाव्यावरच उभी आहे."

त्यानंतर मिस्त्री आठ दिवस स्वतःच्या घरातून हलले नाहीत. बायको एकदाही टोचून बोलली नाही, आणि त्यामुळे त्यांना जास्तच रडू आलं.

नवव्या दिवशी ते बागेत गेले, तर खात्याचा शिपाई पूर्वेच्या भिंतीशी घामाघूम झाला होता. 'धोकादायक इमारत. पाडकाम सोमवारपासून.' पाटी त्यानं एका हातानं धरली होती आणि पायाशी पाच-सहा वाकडे खिळे पडले होते.

"काय भिंत आहे की पहाड?" शिपाई वैतागून म्हणाला. "मिस्त्री, तुम्हीच बघा बुवा. एक खिळा आत जाईल तर शपथ."

मिस्त्रींनी हातोडा घेतला. कुठे थर पातळ पडला होता हे त्यांना न बघता ठाऊक होतं. चार घावांत त्यांनी खिळा बसवला, पाटी अडकवली आणि दोन पावलं मागे होऊन ती सरळ लागली आहे का ते पाहिलं.