स्वभाव : धाडसी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच कोणी फिसकन हसलं तर मला पुढचं सांगणं जमायचं नाही, सांगून ठेवते.

लग्नाच्या बायोडाट्यात ‘स्वभाव’ असा एक रकाना असतो बघा. सगळ्या मुली त्यात ‘शांत, मनमिळाऊ’ लिहितात. मीही लिहिलं होतं, आणि तीन स्थळं परत गेली. चौथ्या वेळी मी चिडून लिहिलं, ‘धाडसी’. का? तर दिवाळीच्या आधीच्या रविवारी नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या गर्दीतून मी गाडी काढते, तीही मागे आईला बसवून. एवढंच माझं धाडस. बाकी बाथरूममध्ये पाल दिसली की मी शेजारच्या काकूंकडे आंघोळीला जाते.

काटोलचं स्थळ आलं. प्रशांत नाव, बँकेत नोकरी, घरची संत्र्याची बाग. तो मला पाहून गेला आणि मला तर जाम आवडला. मग रीतीप्रमाणे आईबाबांसोबत मी त्यांचं घर पाहायला गेले.

चहा झाल्यावर त्याची आई म्हणाली, “तो शब्द वाचूनच आम्ही फोन केला, बाई. बागेत वांदरं लय मातले. मोठी सून तर खिडकीबी उघडत नाही. आम्हाले धाडसीच पोरगी पाहिजे होती.”

वाटलं, खरं काय ते सांगून टाकावं. पण प्रशांत माझ्याकडे इतक्या कौतुकानं पाहत होता की मी नुसतीच मान डोलावली.

तेवढ्यात बाबा बोलले, “वांदरांचं काय घेऊन बसल्या तुम्ही? आमच्या गच्चीवरचे हिनंच पळवले, एकटीनं.”

आमच्या गच्चीवर वांदर कधी आलंच नाही, हो.

“मग चाल वं, आत्ता आलेच आहेत बागेत,” म्हणत प्रशांतच्या आईनं माझ्या हातात काठी दिली. “प्रशांत, तू जाय संगं.”

बागेत झाडाझाडावर वांदरं. संत्री खाऊन राहिले होते निवांत. मी काठी जराशी हलवली, उगाच, दाखवायला. तर एक हुप्या धपकन खाली आला आणि त्यानं दात विचकले.

काठी कुठे टाकली, आठवत नाही. नव्या साडीचा काष्टा कसा झाला, तेही आठवत नाही. विहिरीपाशी मोटरची खोली होती. आत शिरले, कडी लावली आणि डोळे मिटून रामाचं नाव घ्यायला लागले. लगेच दारावर धाडधाड थापा.

“उघडा, मी आहे!”

“कोण मी?”

“प्रशांत!”

तुमच्यापासून काय लपवायचं, आवाज मला ओळखू आला होता. पण कडीवरून हातच निघेना.

“तो गेला का?” मी विचारलं.

“नाही ना, माझ्या मागेच उभा आहे. म्हणून तर उघडा म्हणून राहिलो.”

“मग नाही उघडत.”

शेवटी त्याची आई थाळी बडवत आली, तेव्हा वांदरं पळाले. मी बाहेर आले. प्रशांतचा खिसा फाटून लोंबत होता, चष्मा झाडावर गेला होता आणि तो पाण्याच्या ड्रमवर पाय वर घेऊन बसला होता. माझ्याकडे कोणीच पाहिलं नाही. मला मात्र तिथल्या तिथे विहिरीत उडी घ्यावीशी वाटली.

परतीच्या बसमध्ये मी नागपूरपर्यंत रडले. बाबा एवढंच म्हणाले, “काहून लिहिलं वं तसं?” जणू गच्चीची गोष्ट मीच सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, तो मीच उचलला. होकार होता. आईनं मला दोनदा विचारलं, नीट ऐकलं ना म्हणून.

लग्नाला आता सात वर्षं झाली. चारचौघांत कोणी विचारलं, तुमच्या दोघांत धाडसी कोण, तर मी तोंड उघडायच्या आत नवरा हात वर करतो. म्हणतो, “मी. हिनं दार उघडलं नाही, तरी मी लग्न केलं.”