धुळ्याचं स्थळ आणि लाल ब्रेक

धुळ्याच्या स्थळाकडे घर बघायला जायचं ठरलं, तेव्हा आईने कपाटातून साड्या काढल्या आणि बाबांनी गाडीची चाकं काढली.

गाडी आम्ही जुनीच घेतलेली. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, आणि त्यानंतर तिच्यावरच त्यांचा सगळा जीव. हौसेने त्यांनी तिला अलॉय व्हील बसवली, मोठ्या फटींची, चकचकीत. झालं काय, की आधी प्लास्टिकच्या झाकणामागे जे लपलेलं होतं ते आता सगळ्या कॉलनीला दिसायला लागलं. मागचे ब्रेकड्रम गंजून तपकिरी झाले होते. पुढे डिस्कला चिमट्यासारखा धरणारा कॅलिपर असतो, त्यावर तर खपल्याच आल्या होत्या. जळगावच्या पिंप्राळ्यात आमच्याकडे बोअरचं पाणी. त्या पाण्याने गाडी रोज धुवायची आणि ओलीच उभी करायची, हा बाबांचा शिरस्ता. गंज धरेल नाही तर काय!

"हसल्यावर किडकी दाढ दिसावी तसं दिसतंय," बाबा म्हणाले. "असं घेऊन जायचं का लोकांच्या दारात?"

"लोक पोरीला बघणार आहेत का चाकांना?" आईने विचारलं.

"ते जीपवाले आहेत," बाबा म्हणाले. त्यांच्या मते एवढ्यावरच उत्तर देऊन झालं होतं.

मुलाचे वडील धुळ्याला शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, आणि त्यांच्याकडे एक जुनी जीप आहे, एवढीच माहिती मध्यस्थाने दिली होती. आईने त्यातली शाळा लक्षात ठेवली, बाबांनी जीप.

शनिवारी मला लॅबला सुट्टी होती. मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे हातमोजे घालून बारीक काम करायची मला सवय आहे असं बाबांनी परस्पर ठरवून टाकलं. अंगणात गाडी जॅकवर चढवली, खाली भक्कम ठोकळे लावले. बाबांनी मोबाईलवर व्हिडिओ बघून सगळं पाठ केलं होतं. आधी तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा, मग पॉलिश पेपर, मग थिनरच्या फडक्याने पुसायचं. आणि डिस्कवर, जिथे पॅड घासतो तिथे, कागद आणि टेप लावून टाकायचं.

"तिथे थेंबही जाता कामा नये," बाबा म्हणाले. "रंगावर ब्रेक धरत नाही. धुळ्याला थांबायचं म्हणून दाबशील आणि थेट सुरतेला पोचशील."

रंग उष्णता सोसणारा लागतो, कारण ब्रेक तापतात. बाजारातल्या मारवाडी दुकानदाराकडे काळा संपलेला, चंदेरी आलेला नव्हता, म्हणून बाबा लाल घेऊन आले. भडक लाल. मी खाली बसून ड्रमवर पहिला हात मारला. गंजावर रंग चढताना बघायला इतकं बरं वाटतं, की मी दुसरा हात कोणी न सांगता मारला. आई चहा घेऊन बाहेर आली आणि तशीच उभी राहिली.

"अगं बाई! चाकांना कुंकू लावलं का?"

"शुभकार्याला चाललोय ना," बाबा म्हणाले.

घोटाळा एवढाच झाला की माझा एक हातमोजा फाटला होता, ते मला उशिरा कळलं. उजव्या हाताच्या नखांच्या कडेला लाल रंग बसला तो बसलाच. थिनर, खोबरेल तेल, लिंबू, सगळं करून पाहिलं.

रविवारी सकाळी निघालो. एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचेपर्यंत बाबांनी दोनदा गाडी थांबवून चाकांत वाकून पाहिलं. घर छान होतं, अंगणात बोगनवेल, भिंतीवर वडिलांनीच काढलेली चित्रं. पोहे आले. मुलाची आई प्रेमळ, बोलकी. तिने माझा हात हातात घेतला आणि नखांकडे बघून थबकली.

"मेंदी उतरत आली का गं?"

"नाही, काकू. ब्रेकचा रंग आहे."

मग मुलाचे वडील, ज्यांना सगळे नाना म्हणत होते, हातातली बशी ठेवून उठले. "कोणत्या ब्रेकचा?"

बाबा त्यांना बाहेर घेऊन गेले, ते गेलेच.

मग आम्हा दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. मुलगा साधा, नीट बोलणारा. त्याला बंगळुरूची नोकरी मिळाली होती. मला नुकतीच लॅबची जबाबदारी दिली होती आणि मला ते काम मनापासून आवडत होतं. तो म्हणाला, "खरं सांगा, तुम्हाला बंगळुरूला यायचंय?"

"नाही."

"मला वाटलंच." तो हसला. त्याच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली, बहुधा त्यालाही माझ्या चेहऱ्यावर दिसली असावी. मग आम्ही कठड्याशी उभे राहून खाली पाहिलं. जीपचं मागचं चाक निघालं होतं. बाबा नव्या शर्टाच्या बाह्या दुमडून उकिडवे बसले होते, आणि नाना नखाने ड्रमवरच्या पापुद्र्याचा तुकडा काढून त्यांना दाखवत होते. नानांनीही कधीतरी रंग मारला होता, पण गंज न खरवडता. तो उकलून आला होता.

परतीच्या वाटेवर आईने विचारलं, "मग? काय ठरलं?"

बाबा म्हणाले, "पुढच्या रविवारी येतो म्हटलंय. चारही चाकं करावी लागतील."

आईने कपाळाला हात लावला. आमचं जमणार नाही, हे मी घरी आल्यावर सांगितलं, आणि तिकडे मुलानेही सांगितलं. मध्यस्थामार्फत दोन्हीकडून नकार गेला, गोड शब्दांत, पण नकारच.

बाबा माझ्यावर रागावले नाहीत. "काय कमी होतं त्या घरात?" एवढंच एकदा म्हणाले. रंगाचा डबा ओट्यावर पडून होता. आई म्हणाली, आता त्यांच्याकडे जाणं बरं दिसणार नाही, आणि बाबांनी मान हलवली. मला फार वाईट वाटत होतं. बाबांना निवृत्तीनंतर नवा माणूस असा भेटलाच नव्हता. जुने सोबती बदलीच्या गावी राहिलेले, शेजारी आपापल्या कामात.

शनिवारी दुपारी बाबांचा फोन वाजला. त्यांनी नाव बघितलं आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. मी स्पीकर लावला.

"भाऊ," पलीकडून नाना बोलले, थेट खान्देशीत, "मनी गाडी इटास्वर उभी शे. बठ्ठा गंज खरडी टाका मी. तुम्ही येतस का मी असाच पायी फिरू?"

जीप विटांवर चढवून, सगळा गंज खरवडून ते वाट बघत होते. बाबांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "माझ्याकडे काय बघता?"

"पण ते पोरांचं..." बाबा फोनमध्ये अडखळले.

"पोरांचं पोरं बघतील," नाना म्हणाले. "आपलं लग्न थोडंच मोडलंय?"

बाबा इतके मोकळे हसलेले मी कित्येक दिवसांनी पाहिले. "उनू समजा, भाऊ! उनू!" ते म्हणाले, म्हणजे आलोच.

दुसऱ्या दिवशी मीच गाडी चालवत त्यांना धुळ्याला नेलं. जरा अवघडल्यासारखं होत होतं, पण काकूंनी दारातच माझी नखं तपासली, "गेला एकदाचा," म्हणाल्या, आणि शेवभाजीचं ताट वाढलं. जीपचे ड्रम नानांनी लाल नाही, गडद निळे केले. चित्रकलेचे मास्तर, त्यांनी रंग घरीच मिसळून बघायचा हट्ट धरला. बाबांनी समजावलं, की हा भिंतीचा रंग नाही, तापल्यावर वेगळं मिश्रण टिकणार नाही. त्यावर दोघांचा असा वाद झाला की काकू आणि मी हसून हसून थकलो.

तेव्हापासून हे जाणं-येणं सुरू आहे. मुलगा बंगळुरूला गेला, तिथेच त्याचं लग्न झालं. माझं जळगावातच झालं, नवरा कामाला जामनेरला ये-जा करतो. माझ्या हळदीला धुळ्याच्या काकू आईच्या बरोबरीने राबल्या. पाहुण्यांनी नातं विचारलं की आई नुसतं "आमचेच" म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात नानांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मुलाला रजा मिळाली नाही, आणि काकूंचा स्वतःचाच हात फ्रॅक्चर झालेला. बाबांनी पिशवी भरली आणि धुळ्याला जाऊन राहिले. वेळेवर थेंब घालायचे, पेपर वाचून दाखवायचा, काकूंना भाजी चिरून द्यायची. घरी त्यांनी आयुष्यात कांदा चिरला नव्हता.

परत आले तेव्हा मी माहेरी आले होते. बाबा खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "काय घोरतो तो माणूस! डोळ्याला डोळा नाही लागला."

"मग आता झोपा दोन दिवस," आई म्हणाली.

बाबा दुपारी आडवे झाले. थोड्या वेळाने उठून बाहेर आले, खिडकीशी उभे राहिले, आणि कोणाला तरी फोन लावायला लागले.

"झोप येत नाही," ते म्हणाले. "फारच शांत आहे इथे."